कुसुमताईंची फिल्म बंगळूरला जाते

मी एक्स-रे टेक्निशियन आहे. गेली एकोणीस वर्षं सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका ट्रस्टच्या इस्पितळात, लोकांना श्वास घ्यायला, धरायला आणि सोडायला सांगतो. इतक्या निमूटपणे आमच्या गावात दुसऱ्या कोणाचं ऐकलं जात नाही. छातीत काय दिसलं याबद्दल मात्र मी बोलायचं नसतं. एक्स-रे काढायचा, धुवायचा, वाळवायचा, डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा, वाचायचा नाही. हा नियम मला पहिल्याच दिवशी डॉ. कारखानीसांनी घालून दिला, आणि बंगळूरला जाईपर्यंत मी तो पाळला.

बंगळूरला जायचं कारण वर्तमानपत्रातली एक बातमी. तिथल्या एका मोठ्या छातीच्या इस्पितळाने आणि शहराबाहेर येलहंक्याला असलेल्या एका लहान इस्पितळाने आपसांत कॉम्प्युटर जोडणारी वेगवान लाईन टाकून घेतली होती. येलहंक्याला एक्स-रे स्कॅनर नावाच्या यंत्रावर ठेवायचा, तो लाईनवरून शहरात पोचायचा, तिथल्या तज्ज्ञ बाईंनी पडद्यावर बघून सांगायचं, आणि त्याच वेळी त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर्गात बसून शिकायचं. रोग्याने जागचं हलायचं नाही. आमच्या ट्रस्टींना रोग्याने न हलण्याची कल्पना फार आवडली. त्यांनी कारखानीस साहेबांना आणि मला पाठवलं. "बघून या," अध्यक्ष म्हणाले, "चालत असेल तर सांगा. नसेल तर उगाच वर्णन करू नका." तेव्हा पुढचं वर्णन ट्रस्टींसाठी नाही.

चाचणीसाठी साहेबांनी फिल्म निवडली कुसुमताईंची. कुसुमताई आमच्या इस्पितळाच्या मुख्य सिस्टर. माझ्या आधीपासून तिथे आहेत. आठ महिने त्या खोकत होत्या. उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला पांढरा डाग होता. थुंकीत जंतू सापडले नव्हते, पण ते दर वेळी सापडतातच असं नाही. साहेबांनी टीबीचं निदान केलं आणि गोळ्या सुरू झाल्या. गोळ्या चालू होत्या आणि ताईंचं वजन उतरत होतं. साहेबांचं टीबीचं निदान चुकत नाही, हे जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. आता ते बंगळूरलाही ठाऊक व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"ताजी फिल्म घ्या, एकच," ते म्हणाले. मी ताईंच्या आतापर्यंतच्या चारही घेतल्या. सगळ्या एकाच पाकिटात होत्या, वेगळ्या काढायचा कंटाळा केला, असं मी सांगणार होतो. त्यांनी विचारलंच नाही.

खंडेनवमी, येलहंका

गाडीत माझ्या मांडीवर एवढं मोठं तपकिरी पाकीट बघून समोरच्या बाईंनी देवाची तसबीर समजून दोनदा नमस्कार केला. गुंतकलनंतर उकडायला लागल्यावर त्यांच्या यजमानांनी तेच पाकीट मागून घेतलं आणि हिंदुपूरपर्यंत वारा घेतला. साहेब वरच्या बाकावर झोपले होते. मी दर दहा मिनिटांनी हात पुढे करत होतो आणि ते गृहस्थ मला वारा घालत होते.

येलहंक्याला उतरलो तर थंड, स्वच्छ हवा आणि सगळ्या गावाला सणाची धुंदी. आपल्याकडे खंडेनवमीला माणूस शस्त्रं नाहीतर अवजारं पुसतो, फूल वाहतो आणि कामाला लागतो. आमच्या एक्स-रे यंत्रालाही मी दर वर्षी झेंडूचं एक फूल घालतो. पाच मिनिटांत उरकतं. इथे आयुधपूजा म्हणजे गाव बंद. प्रत्येक रिक्षाला दोन बाजूंनी केळीचे खुंट बांधलेले, चाकाखाली लिंबू, आणि दर दुकानापुढे रस्त्यावर कोहळा फोडून त्यात लाल कुंकू ओतलेलं. असल्या एका कोहळ्यावरून साहेब घसरले. पडले नाहीत, पण पांढरी विजार घोट्यापर्यंत लाल झाली. इस्पितळाच्या फाटकात शिरताच पहारेकरी चाकांची खुर्ची घेऊन धावत आला. साहेबांना कन्नड येत नाही आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं, त्यामुळे साहेब आत बसूनच गेले.

आत नचिकेत भेटला. हा पुण्याचा तिशीतला इंजिनिअर. ऑफिस महादेवपुऱ्याला, खोली के. आर. पुरमला, आणि महिनाभर मुक्काम या इस्पितळाच्या मागच्या खोलीत, लाईनपाशी.

"सर, लाईन एकदम स्टेबल आहे," तो म्हणाला. "ॲक्च्युअली काल रात्रीपर्यंत सगळं टेस्ट केलंय. फक्त आज टच नाही करायचं."

"का?" साहेबांनी विचारलं.

"पूजा आहे सर. उद्या दसऱ्याला, ठरलंय तसं, सुरू करू. गेल्या वर्षी मी ह्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला होता. त्यानंतर तीन महिने ऑफिसात जे काय बंद पडलं, ते माझ्या नावावर गेलं."

साहेब प्रगतीवर थोडं बोलले. मग आम्ही पूजा बघायला गेलो.

पूजा करत होत्या रखमाक्का. यांची ओळख आधीच द्यायला हवी होती, कारण मी उतरलो होतो त्यांच्याच घरी. माझ्या बायकोच्या त्या लांबच्या थोरल्या बहीण. त्यांचं घराणं शिंप्यांचं, कित्येक पिढ्यांपासून तिकडेच. घरात मराठी, बाकी सगळीकडे कन्नड. यजमानांचं कापडाचं दुकान, आणि स्वतः रखमाक्का या इस्पितळात एक्स-रे विभागाच्या मदतनीस. फिल्म्स पाकिटांत घालणं, नंबर टाकणं, खोली झाडणं आणि वर्षातून एकदा यंत्रांची पूजा, ही कामं त्यांची. इस्पितळात सगळे त्यांना अक्का म्हणतात, मोठे डॉक्टरसुद्धा.

"या वो दाजी," त्या मला म्हणाल्या. "स्वल्प बाजूला उभारा. हात लावू नका कशाला."

अक्कांची पूजा सरसकट नव्हती. यंत्राच्या डोक्यावर कुंकवाचं बोट टेकवून पुढे जायचं, असला प्रकार नाही. कात्रीला पात्यावर, वजनकाट्याला माणूस उभा राहतो त्या फळीवर, टंकलेखन यंत्राला बटणांवर. जिथे काम चालतं तिथे कुंकू. हे मला पटलं. आमची आजीही विळ्याला मुठीवर नाही, धारेवरच लावायची. अक्का स्कॅनरपाशी पोचल्या तेव्हा बाहेर चुरमुरे, फुटाणे आणि केळी वाटायला सुरुवात झाली, आणि मी तिकडे गेलो.

संध्याकाळी अक्कांच्या घरी जेवलो. आपल्या घटाच्या जागी तिथे नवरात्रात बाहुल्या मांडतात, नऊ पायऱ्यांवर. राजा, राणी, वाण्याचं दुकान, लग्नाची वरात, आणि अक्कांनी स्वतः बनवलेला एक कापडी डॉक्टर. जेवायला लिंबाचा भात म्हणजे चित्रान्न, कोशिंबिरीच्या जागी भिजवलेल्या मूगडाळीची कोसंबरी, आणि खोबऱ्याच्या पुरणाची पोळी. पोळी चांगली होती. खोबऱ्याच्या पुरणाबद्दल आमच्या घरी मी काही बोललेलो नाही.

"कुणाची फिल्म आणलायसा?" अक्कांनी वाढता वाढता विचारलं.

मी सांगितलं. आठ महिने, टीबी, गोळ्या, वजन.

"तुम्हाला काय वाटतंय?"

"मी टेक्निशियन आहे अक्का. मला काही वाटून घ्यायचं नसतं."

"नसतं म्हणजे? डोळे आहेत की." त्यांनी आणखी एक पोळी घातली आणि विषय संपला. मला मात्र ती पोळी गेली नाही.

खरं सांगायचं तर मला वाटत होतं. टीबीचा डाग गोळ्यांनी विरत जातो, मी शेकड्यांनी बघितलेत. कुसुमताईंचा विरत नव्हता. दर दोन महिन्यांनी मी फिल्म धुवायचो, ओली असतानाच लाल दिव्याखाली बघायचो, आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून यायचो.

दसरा, सकाळी

दसरा साहेबांनीच ठरवला होता. मुहूर्त बघायची गरज नाही म्हणून. शहरातल्या तज्ज्ञ डॉ. सरोजा बाईंनाही तो सोयीचा होता, कारण बाहेरचे रोगी नाहीत आणि वसतिगृहातले विद्यार्थी हाताशी. त्यांनी वीसेक मुलं वर्गात आणून बसवली होती. त्यांचा आवाज आमच्या खोलीत टेलिफोनच्या खोक्यातून येत होता, आणि पडद्यावर त्यांना दिसेल तेच आम्हालाही दिसणार होतं. बोलणं सगळं इंग्रजीत झालं. मी मराठीत सांगतो आहे.

नचिकेतने फिल्म स्कॅनरच्या काचेवर ठेवली, झाकण लावलं आणि कळ दाबली. वेगवान लाईन म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं. चित्र वरून खाली, एकेक पट्टी करत उतरतं. आधी गळ्याची हाडं, मग पहिली बरगडी. एका फिल्मला अकरा मिनिटं लागली. विसावं शतक संपत आलं आहे आणि सध्या याला खरोखरच वेग म्हणतात. नचिकेत म्हणाला, पुढच्या वर्षी फायबर आली की हे सेकंदात होईल. साहेबांनी वहीत टिपून घेतलं.

कुसुमताई पूर्ण उतरल्या. उजवीकडे वर पांढरा डाग होता, आणि डागाच्या बरोबर मध्ये एक काळसर गोल.

एक्स-रेत घट्ट ते पांढरं आणि पोकळ ते काळं, एवढं कोणालाही माहीत असतं. सरोजा बाईंनी वर्गाला विचारलं, "काय दिसतंय?"

"कॅव्हिटी, मॅडम," मुलं एका सुरात म्हणाली.

"बरोबर. या जागी, अशी पोकळी, म्हणजे पहिला विचार कशाचा?"

"टीबी, मॅडम."

"डॉक्टर, तुमचं निदान मला योग्य वाटतं," खोक्यातून आवाज आला. "गोळ्या आणखी काही महिने चालू ठेवा. इथे आणायची गरज नाही."

साहेबांचा चेहरा इतका उजळलेला मी एकोणीस वर्षांत पाहिला नव्हता. नचिकेतने टाळी वाजवली. रोग्याने हलायचं नव्हतं आणि रोगी हलणार नव्हता. ट्रस्टींना सांगायला याहून चांगलं काय असणार. सगळे खूश होते.

मी ती फिल्म स्वतः काढली होती, स्वतः धुतली होती. तिच्यात पोकळी नव्हती.

मी स्कॅनरमधून फिल्म काढली, खिडकीपाशी जाऊन उजेडाला धरली. डाग सगळा पांढरा, काठापासून काठापर्यंत. "साहेब," मी म्हणालो, "यात कॅव्हिटी नाही."

साहेबांनी लांबूनच नजर टाकली. "वसंतराव, आपल्या डोळ्याला दिसत नाही ते यंत्राला दिसतं. त्यासाठीच तर आपण आलो."

"पण साहेब—"

"फिल्म पाकिटात घाला."

इथे मी एरवी फिल्म पाकिटात घातली असती. ताई गोळ्या घेत राहिल्या असत्या, मी दोन महिन्यांनी पुढची फिल्म काढली असती. मला अक्का दारात उभ्या दिसल्या. त्या माझ्या हातातल्या फिल्मकडे बघत होत्या. मी स्कॅनरचं झाकण उघडलं आणि फिल्म उलटी ठेवली, मान खाली आणि पोट वर.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"डाग फिल्मबरोबर फिरेल," मी म्हणालो. "पोकळी फिल्ममधली असेल तर तीही फिरेल. नसेल तर जागेवर राहील."

"उलटी फिल्म कोणी वाचत नाही."

"मी वाचत नाही साहेब. नुसतं फिरवून बघतो. नचिकेत, पाठव."

नचिकेतने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि कळ दाबली. पुन्हा अकरा मिनिटं. साहेब खिडकीबाहेर बघत होते. मी मनात दुसऱ्या नोकरीचा विचार करत होतो आणि आमच्या तालुक्यात दुसरं एक्स-रे यंत्र नाही, हे आठवत होतं.

खोक्यातून सरोजा बाईंनी विचारलं, "हा रोगी डोक्यावर का उभा आहे?"

मी पुढे होऊन सांगितलं. मी टेक्निशियन आहे हेही सांगितलं. "थांबते," त्या म्हणाल्या.

चित्र उतरलं. आता वरती पोट, खाली गळा. पांढरा डाग खाली दुसऱ्या कोपऱ्यात गेला होता, घट्ट आणि भरीव. काळा गोल जिथल्या तिथे होता, आणि तिथे आता कुसुमताईंचं हृदय आलं होतं.

"आता काय दिसतंय?" बाईंनी वर्गाला विचारलं.

मग एक मुलगी हळूच म्हणाली, "हार्टमध्ये कॅव्हिटी, मॅडम."

"असा रोग अजून कुणी लिहून ठेवलेला नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या काचेवर काय आहे ते बघा."

नचिकेतने फिल्म काढली आणि तिघे आम्ही काचेवर वाकलो. वरून पाहिलं तर काही नव्हतं. तिरपं पाहिल्यावर चार आण्याच्या नाण्याएवढं फिकट गुलाबी वर्तुळ दिसलं.

"ते मी लावलेलं कुंकू असंल," दारातून अक्का म्हणाल्या. त्या आत आल्या. चेहरा उतरला होता. "हे पोरगं म्हटलं की वो, ह्या मिशिनीचं सगळं काम काचेवर चालतं. म्हणून काचेवर लावले. तुम्ही लांबून आलायसा, चांगलं होऊ दे म्हणून. सकाळी पदरानं पुसले की."

"अक्का, मला एकदा सांगायचं ना," नचिकेत म्हणाला.

"पूजा केलेलं काय सांगत बसायचं?" त्यांनी कपाटातून स्पिरिटची बाटली आणली, कापसाने काच पुसली, कोरड्या कापसाने पुन्हा पुसली, आणि बाजूला जाऊन डोळ्यांना पदर लावला.

मी पाकिटातून चारही फिल्म्स काढल्या. साहेब बघत होते. ओळीने पाठवल्या: पहिली, दुसऱ्या महिन्याची, चौथ्या महिन्याची, आताची. पाऊण तास लागला. शेवटी सरोजा बाई म्हणाल्या, "हे टीबी नाही. निदान गोळ्यांनी जाणारं नाही. चौथ्या महिन्यातच दिसतंय की डाग वाढतो आहे. बाईंना याच आठवड्यात माझ्याकडे आणा. तुकडा तपासू, आणि मला वाटतं ऑपरेशन करू. अजून वेळ गेलेली नाही, पण फार उरलेलीही नाही."

दसरा, दुपारी

साहेब बाहेर पायरीवर बसले होते. विजारीला कालचा लाल डाग तसाच होता.

"वसंतराव, चौथ्या महिन्याची फिल्म मी बघितली होती ना?"

"हो साहेब."

"काय म्हणालो होतो?"

"सुधारतंय, म्हणाला होतात."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "फोन कुठून लागेल?"

सणामुळे सगळे बूथ बंद. एक उघडा होता, पण मालकाने फोनला झेंडूचा हार घातला होता आणि उत्तरपूजा झाल्याशिवाय हात लावू देईना. अक्का आमच्याबरोबर आल्या होत्या. त्या त्याच्याशी कन्नडमध्ये बोलल्या, मिनिटभर, आवाज न चढवता. "सरी अक्का," म्हणून त्याने स्वतः हार उतरवला.

वाचकांना ताटकळत ठेवायचा माझा स्वभाव नाही, म्हणून पुढचं आधीच सांगतो. कुसुमताईंचं ऑपरेशन बंगळूरला झालं. गाठ होती ती निघाली. आज त्या अर्धा दिवस कामावर येतात आणि पूर्ण दिवसाचं ओरडतात. ट्रस्टींनी लाईनची फाईल ठेवून घेतली आहे. आपल्या नेहमीच्या टेलिफोनवर हे जमेल का, अशी त्यांची विचारणा आहे.

त्या दुपारी मात्र यातलं काही माहीत नव्हतं. साहेबांनी फोन लावला. वेगवान लाईन नव्हती, साधी होती, आवाजात खरखर. "कुसुमताई," ते म्हणाले, "माझं निदान चुकलं. तुम्हाला इकडे यावं लागेल." मग सगळं नीट, एकेक करून सांगितलं, वसंतरावांनी दाखवून दिलं हेही सांगितलं. काही झाकलं नाही. त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल जेवढा आदर वाटला, तेवढा टीबीच्या निदानांनी कधी वाटला नव्हता. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला. "तुमच्याशी बोलायचंय त्यांना."

"वसंतराव," कुसुमताई म्हणाल्या, "तुम्हाला कधी कळलं?"

नियम सांगता आला असता. तो मला पाठ होता.

"चौथ्या महिन्यात, ताई."

पलीकडून खोकल्याचा आवाज आला.

"फिल्म धुऊन बाहेर यायचात ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी दर वेळी तुमच्या तोंडाकडे बघायचे. साहेबांच्या आधी तुम्हाला दिसतं, हे मला काय माहीत नाही का? तुम्ही काही बोलला नाहीत. म्हणून मी निश्चिंत होते."

मी म्हणालो, "भ्यालो, ताई. चुकलं माझं."

साहेब बूथबाहेर गेले. अक्का हातात हार धरून उभ्या होत्या.

"मला न्यायला साहेबांना पाठवू नका," कुसुमताई म्हणाल्या. "तुम्ही या. आणि वाटेत जे काय दिसेल ते मला सांगत चला."